खडीवरचा बुळबुळीत थर

धाकट्या भावाचा डावा कान माझ्या हाताने फुटला. रागाच्या भरात फुटला, असं सगळे समजतात. तसं नव्हतं.

त्र्यंबक रस्त्याकडच्या आमच्या मळ्यात त्याने मासे पाळले होते. त्यांच्या घाणीचं पाणी खडीच्या वाफ्यांतून फिरे, त्यावर पालक वाढे, आणि निवळलेलं पाणी परत माशांकडे जाई. खडीवर तपकिरी, बुळबुळीत थर असायचा. "हात नको लावू दादा, सगळा जीव ह्यातच हाय," तो म्हणायचा. त्या थरातले जिवाणू माशांची घाण पचवून पाणी स्वच्छ करतात, पण गार पाण्यात ते मंदावतात. पाणी हळूहळू गार होत गेलं तर त्यांना सवय होते, थंडी सोसणारे वाढतात. मुरलेला थर असला की हिवाळा निभतो. हे त्याने मला नीट समजावलं होतं. मी नुसतं हं हं केलं.

मार्गशीर्षात खंडोबाचे घट बसायचे होते. बायकोला आणायला तो सासरवाडीला गेलेला, मी अंबडच्या कारखान्यातून सुटी काढून आलेलो. घर धुतलं, ओटा धुतला. पालक नुकताच काढल्याने उघडी पडलेली ती खडी मला बघवेना. कारखान्यात चिकट दिसलं की घासायचं, हाताला तेच वळण. पंप बंद करून मी खडी ब्लिचिंगच्या पाण्याने घासली, खळखळून धुतली, परत भरली. देवाच्या घरात घाण नको, एवढंच डोक्यात होतं.

त्या थंडीत नवा थर धरेना. चंपाषष्ठीला सकाळी भावकी तळी भरायला जमली, तेव्हा मासे पोट वर करून तरंगत होते.

तेवढ्यात तो बायकोला घेऊन आला. "देव टाकून सासरी लोळतोस काय रे?" मी सगळ्यांदेखत ओरडलो. त्याने वाफ्यात हात घालून मूठभर खडी काढली. पांढरी स्वच्छ.

"खडी कोणी धु..."

वाक्य पुरं व्हायच्या आत मी मारलं. तो पडला. छातीवर बसून बुक्क्या घातल्या, प्लास्टिकच्या पाइपाने झोडपलं, त्याचं तोंड त्या मेलेल्या माशांच्या पाण्यात दाबलं. त्याने पुन्हा तोंड उघडू नये, एवढ्याचसाठी. चुलत्यांनी मला ओढून काढलं तेव्हा त्याच्या कानातून रक्त गळत होतं. त्याची बायको किंचाळतही नव्हती, नुसती बघत होती.

मासे त्याच्या आळसाने मेले, हेच भावकीत राहिलं. त्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही.

यंदा घट बसायच्या आधी मी त्याला सगळं सांगितलं. उजवा कान माझ्याकडे करून त्याने ऐकलं.

"मला कशाला सांगतो? मला त्याच दिवशी कळलं व्हतं," तो म्हणाला. "ज्यांच्यासमोर मारलंस, त्यांना सांग."

चुलते ओसरीवर बसले होते. पण मी आधी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो आणि त्याच्या बायकोला बाहेर बोलावलं.