वळणावरचा काळा धूर

आमचे हे मागच्या इंजिनाचे ड्रायव्हर. डोंगर चढताना गाडीला दोन इंजिनं लागायची, एक पुढून ओढायला आणि एक मागून ढकलायला. पुढचं इंजिन माझ्या धाकट्या भावाकडे होतं. म्हणजे एकाच गाडीच्या एका टोकाला माझं माहेर आणि दुसऱ्या टोकाला सासर. शेडमधले लोक ह्यांना 'ढकलराव' म्हणायचे. हे तिथे हसायचे आणि घरी येऊन ताट जरा जोरात सरकवायचे. मेहुण्याच्या मागे राहायचं, तेही वयाने लहान असलेल्या, हे ह्यांना फार झोंबायचं.

चढावर एक मोठं वळण आहे. रूळ दरीला पुरता वळसा घालतात, त्यामुळे पुढच्या ड्रायव्हरला दरीपलीकडे आपलंच मागचं इंजिन दिसतं. ते बघायला लोक लांबून यायचे, गवतावर बसायचे आणि फोटो काढायचे. फोटो अर्थातच पुढच्या इंजिनाचा. घरात राबणारीचा कधी फोटो निघतो का, तसंच मागच्याचं. हे मी एकदा ह्यांना म्हणाले, तर दोन दिवस अबोला.

मग एकदा रेल्वेच्या कॅलेंडरसाठी फोटोग्राफर येणार असं कळलं. त्या दिवशी काय झालं ते मला फार उशिरा समजलं, पण सांगते क्रमानेच.

चांगल्या भट्टीचा धूर फिकट असतो. कोळसा थोडा थोडा, पसरून टाकायचा, हे शेडमधलं शेंबडं पोरही सांगेल. पण फिकट धूर फोटोत उठून दिसत नाही. म्हणून वळण यायच्या आत ह्यांनी फायरमनला सांगितलं, "भर भट्टी. गच्च भर." फायरमन म्हणाला, "अहो, आग दबेल." हे म्हणाले, "सांगतोय ते कर." आणि काळाभोर धूर आभाळात चढला. गवतावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

आग दबलीच. वाफ कमी पडली. ढकलणारं इंजिन उलट गाडीला ओझं झालं. पुढे माझ्या भावाने जीव काढला, चाकांना पकड मिळावी म्हणून रुळांवर वाळू सोडली, तरी चाकं जागच्या जागी फिरत राहिली आणि गाडी भर वळणात, सगळ्या कॅमेऱ्यांसमोर थांबली. मागची मेलगाडी खोळंबली.

चौकशी झाली. नियमाने गाडीची जबाबदारी पुढच्या ड्रायव्हरची, चाकंही त्याचीच घसरलेली. साहेबांनी त्याला मागच्या इंजिनाबद्दल विचारलं. तो म्हणाला, "मागचं मागच्या ड्रायव्हरला विचारा." ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, "वाफ पूर्ण होती." फायरमन मूग गिळून बसला. त्याला रोज ह्यांच्याच हाताखाली काम करायचं होतं.

भावाला यार्डात पाठवलं, डबे इकडून तिकडे सरकवायला. आणि त्याच्या जागी, पुढच्या इंजिनावर, आले हे.

मी किती मिरवले! भावाचं वाईट वाटायचं, नाही असं नाही, पण खरं सांगायचं तर वाईट वाटण्यापेक्षा लाजच जास्त वाटायची. कुणी विषय काढला की मी म्हणायची, "त्याचा हात जरा जडच." हे तिथून उठून जायचे. मला वाटायचं, केवढा समजूतदार माणूस, मेहुण्याची निंदा ऐकवत नाही! भाऊ घरी आला की ह्यांचं डोकं हटकून दुखायचं. तो मात्र दारातून विचारायचाच, "दाजी बरे आहेत ना?"

अशी वर्षं गेली. हे पुढच्या इंजिनावरून मानाने निवृत्त झाले. मग भावाची वेळ आली. यार्डातूनच. शेडमध्ये निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता आणि कुणाला काय सुचलं कोण जाणे, चार शब्द बोलायला ह्यांनाच उभं केलं. हे म्हणाले, "माझा मेहुणा मनाने फार मोठा." टाळ्या पडल्या. लोक जेवायला थांबले, आणि आम्ही घरचेच तेवढे भेटवस्तू ठेवायला भावाच्या घरी आलो.

भाऊ खुर्चीत टेकला आणि म्हणाला, "छान बोललात हो दाजी." एवढंच. ह्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "अरे, त्या दिवशी चूक माझी होती. भट्टी मी दाबली. फोटोसाठी."

इतकी वर्षं मी चुकीच्या माणसाची लाज बाळगली होती.

भाऊ म्हणाला, "मला काय सांगता? वळणावरून सगळं दिसतं की. वाटलं होतं, साहेबांपुढे तुम्ही आपणहून बोलाल. मी बोललो असतो तर ताईच्या संसारात माती कालवली असती." मग आत बघून म्हणाला, "सांगायचंच असेल तर तिला सांगा. मी सांगितलं तर वाटेल, बाप स्वतःला झाकतोय."

'ती' म्हणजे माझी भाची. शाळेत पोरी तिला 'अडेल गाडी' म्हणून चिडवायच्या. पुढे वडील काय करतात असं कुणी विचारलं, तर 'रेल्वेत' एवढंच सांगायची.

ती पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आली. ह्यांनी ग्लास घेतला नाही. उभे राहिले आणि खाली मान घालून सगळं सांगितलं, भट्टीपासून चौकशीपर्यंत. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

भाचीने ट्रे खाली ठेवला. "आतोबा, आत्ता तासाभरापूर्वी सगळी शेड तुमच्यासमोर बसली होती. तेव्हा का नाही बोललात?"

हे खुर्चीकडे वळले.

"पंगत अजून उठली नसेल," ती म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या. "चला."

भाऊ म्हणाला, "जाऊ दे गं. म्हातारे झालेत ते."

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हीही झालात."