मोलाची साथ

मानपत्रं लिहिणं हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. वर्ध्यातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात सत्कार कोणाचाही असो, मजकूर माझाच. चाळीस वर्षं मराठी शिकवल्याची ही शिक्षा. शेजारच्या प्रेमदासजींचं मानपत्रही मीच लिहिलं आणि त्यात घाण करून ठेवली तीही मीच.

प्रेमदासजी कचेरीत बाबू होते. त्यांच्या पत्नी शोभाबाई आंजीकडच्या खेड्यांत नर्स होत्या. तीस वर्षं लसींचा डबा कॅरिअरला बांधून बाई चिखलातून सायकल हाणत होत्या, तेव्हा प्रेमदासजी स्कूटरवर कचेरीत जात होते. निवृत्त झाल्यावर बाईंनीच टूम काढली, की रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये सायकली टाकायच्या, लांबच्या स्टेशनावर उतरायचं आणि पुढे पायडल मारत हिंडायचं. साठीतल्या नवऱ्याला पुन्हा सायकलवर बसवलं तेही त्यांनीच. बल्लारशाहून सिरोंच्याला गेले, पिपरियाहून पचमढी चढले. एकदा एका स्टेशनावर एकच सायकल उतरली आणि दुसरी गाडीबरोबर पुढे गेली. प्रेमदासजी डोक्याला हात लावून बाकावर बसले. बाईंनी पावती नाचवून पुढच्या स्टेशनाला फोन करायला लावला आणि दुसऱ्या दिवशी सायकल परत आणवली.

पचमढीच्या घाटात प्रेमदासजींची चेन तुटली. ते येणाऱ्या ट्रकांना हात दाखवत राहिले. बाईंनी चेन दगडावर ठेवली, खिळ्यानं ठोकून पिन बाहेर काढली, तुटकी कडी फेकली आणि उरलेली चेन जोडली. हे मला खुद्द प्रेमदासजींनीच चहा पिता पिता हसत सांगितलं होतं.

तरी मी काय लिहिलं? ‘सायकलवीर प्रेमदासजी यांनी सहधर्मचारिणीच्या मोलाच्या साथीने...’ मानपत्राचा साचाच तसा असतो, बायको आली की साथ येतेच. लाज वाटते, पण लिहिताना हात जराही अडला नाही.

सत्काराला त्यांना शाल, श्रीफळ आणि मानपत्र मिळालं. बाईंची ओटी भरली, नारळ आणि ब्लाउजपीस. मग प्रेमदासजी बोलायला उभे राहिले आणि त्यांनी चेनचा किस्सा सांगितला. मी चेन दगडावर ठेवली, मी पिन ठोकली, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. बाई मांडीवरचा नारळ धरून समोर बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या आणि एक कागद लिहून मागितला. मजकूर एका ओळीचा, घाटात चेन शोभाबाईनं जोडली. खाली दोन सह्यांची जागा, नवऱ्याची आणि साक्षीदाराची. मी थट्टेवारी न्यायला बघितलं. त्या हसल्या नाहीत.

“मंडळाले दाखवाचा नाई, गुरुजी. घरातच राहीन तो कागद. मले फक्त त्याईची सही पाह्यजे.”

संध्याकाळी कागद सहीविना परत आला. नवरा-बायकोत कागद कशाला, असं म्हणून प्रेमदासजींनी विषय संपवला होता. बाईंनी तो माझ्यापुढे ठेवला.

“तुमी तं त्याईच्याच तोंडून आयकलं होतं ना? मंग तुमी करा.”

घरातल्या गोष्टीत मी कसा पडू, असं काहीतरी मी बोललो. प्रेमदासजी आणि मी रोज सकाळी बरोबर फिरायला जातो, उद्या त्यांना तोंड कसं दाखवायचं, एवढंच माझ्या मनात होतं. पेन खिशालाच होतं.

“एका ओळीले काऊन भेता, गुरुजी?” बाई म्हणाल्या आणि कागद तिथंच टाकून गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी एकच सायकल बुक केली, स्वतःच्या नावानं, आणि इटारसीची गाडी धरली. आता महिन्या-दोन महिन्यांनी एकट्याच जातात. माझ्या फाटकापाशी पूर्वी घंटी वाजवायच्या, ती आता वाजवत नाहीत. प्रेमदासजींची सायकल व्हरांड्यात पंक्चर होऊन उभी आहे. हिच्या गुडघ्यांमुळे आमचं फिरणं बंद झालं, असं ते लोकांना सांगतात.

परवा मंडळात त्यांनी हेच सांगितलं. कोणीतरी माझ्याकडे वळून विचारलं, खरंच का हो गुरुजी, तुम्ही तर शेजारी.

मी हो म्हणालो.