भावोजींनी धरलेलं मौन

माझे भावोजी, म्हणजे ताईचा नवरा, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. त्यांना एक खोड आहे. समोरचा शेवटचा शब्द लांबवत बोलला की तेही लांबवतात, तो नाकातून बोलला की तेही नाकातून. त्यांना पत्ताच नसतो. गिऱ्हाइकांना वाटतं, हा आपली नक्कल करतोय. एक शिक्षक तर अर्धा तक्ता वाचून ताडकन निघून गेले. हा माणूस एकटा असताना कसा बोलत असेल, याचं मला भारी कुतूहल. एकदा न्हाणीघराच्या दाराला कान लावला, तर आतून नुसती शिट्टी.

तिसऱ्या तक्रारीनंतर मालकांनी, त्यांच्या सवयीप्रमाणे एकेक शब्द तोडत, सुनावलं, "आणखी. एक. तक्रार आली. तर घरी बसा." ताईच्या तोंडचं पाणी पळालं. भावोजींनी उपाय काढला तो असा, की तोंडच उघडायचं नाही, सगळं खुणांनी. लोक त्यांना मुके समजून त्यांच्याशी ओरडून बोलू लागले.

चष्म्याची काडी तुटली म्हणून मी दुकानात गेले, तेव्हा खुर्चीवर एक आजी बसल्या होत्या. भावोजी तक्त्याशेजारी उभे राहून बोटं नाचवत होते. आजींना ती बोटं दिसली असती, तर त्या इथे आल्या कशाला असत्या?

"कुणी आहे का इथे?" आजींनी विचारलं. त्यांचा सूर सुरुवातीलाच उंच चढायचा आणि मग सावकाश उतरायचा.

भावोजींनी गल्ल्यावर बसलेल्या मालकांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. "आहे ना आजी. वरची ओळ वाचा." सूर तसाच चढला, तसाच उतरला. झालं, आता चौथी तक्रार.

आजींनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाल्या, "तू आमच्याकडचा?"

"नाही हो आजी. समोरचं माणूस बोलतं तसंच माझ्या तोंडून निघतं. चेष्टा नाही करत."

"म्हणजे मी अजून तशीच बोलते?" आजी सरसावून बसल्या. "चाळीस वर्षं झाली गाव सोडून. मला वाटलं, सगळं गेलं." त्यांचे डोळे भरून आले. "वाचते रे. पण आधी तू बोल थोडं."

मग भावोजी सुचेल ते बोलत राहिले. दुकान कधी उघडतं, काचा कुठून येतात, मेहुणी कशी काड्या मोडते. मला राग यायला हवा होता, पण रडू आलं.

आजी गेल्यावर मालक जवळ आले. "उद्या. पासून. तोंड उघडत जा."

"बरं. मालक. उघडतो."

मालक त्यांच्याकडे बघतच राहिले.

"मी. असा. बोलतो?"