न मागण्याचा नेम

दवाखान्यातल्या त्या शेवटच्या संध्याकाळी नर्सने ह्यांना विचारलं, काका, काही पाहिजे का? ह्यांनी मानेनंच नाही म्हटलं आणि नजर स्टुलावरच्या पेल्याकडे नेली. मी उठून पाणी पाजलं. नर्सला कौतुक वाटलं, की काकूंना मनातलं कळतं. मनातलं कसलं... चातुर्मास चालू होता आणि त्यात काहीही मागायचं नाही, हा ह्यांचा कितीतरी वर्षांचा नेम होता. पाणी पिऊन झालं तरी ते माझ्याकडे बघतच राहिले. मी चादर वर ओढली, उशी सारखी केली, चष्मा पुढे धरला. दरवेळी मान नकारार्थी हलली. पहाटे ते गेले. त्यांना काय हवं होतं, ते मला आजही माहीत नाही.

लोक चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात, वांगं सोडतात. ह्यांनी मागणं सोडलं होतं. समुद्रपूरला आमचं कापडाचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे गोड बोलणारा हा माणूस घरी पाटावर बसला की नुसते हुकूम सोडायचा. जवसाची चटणी आण, लिंबू काप, पोळी गार का? आषाढीपासून कार्तिकीपर्यंत मात्र ताटात पडेल तेवढंच खायचं. लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासात मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. ते कोरडा भात चिवडत बसलेले, आणि मी आपली मनात म्हणतेय, किती सावकाश जेवतात! सासूबाईंनी डोळ्यांनी खुणावलं तेव्हा कुठे वरणाचं पातेलं घेऊन धावले. एकदा आमटीत मीठच नव्हतं. ते वाटी संपवून उठले आणि मी जेवायला बसले तेव्हा मला कळलं. पुढे ते वाटी रिकामी झाली की हळूच खाकरायला लागले. मी म्हटलं, हे मागणंच झालं. तर म्हणाले, "खोकला आला तं काय करू मी?"

नेम ह्यांचा आणि राबणूक माझी, असं मी सगळ्यांना सांगायचे. पण खरं सांगू, मला ते चार महिने आवडायचे. एरवी ते ताटाकडे बघून मागायचे. तेव्हा माझ्याकडे बघायचे.

तेरावं झालं, मुलगा पुण्याला परतला आणि दुकान बंद केल्यावर घेतलेल्या सिंदी मेघेच्या ह्या घरात मी एकटी उरले. ह्यांचा अर्धवट राहिलेला नेम आपण पुरा करावा असं मनात आलं. आपणच शिजवायचं, आपणच वाढून घ्यायचं, त्यात मागणार कोणाला? हसूच आलं. पण नेम स्वयंपाकघरापुरता राहिला नाही. शेजारच्या ताई रात्री सोबतीला येऊ का म्हणाल्या, त्यांना नको म्हटलं. मुलगा रोज संध्याकाळी फोनवर विचारायचा, काही लागते का, आणि मी म्हणायचे, काही नाई. फोनवरून ताट दिसत नाही. ओट्याशी उभ्यानंच अर्धी भाकर खायची आणि उरलेली गाईला घालायची, असं चाललं होतं.

कार्तिकी जवळ आली तेव्हाची गोष्ट. नेहमीसारखं काही नाई म्हणून झालं, पण मुलाने फोन ठेवला नाही. बाबांनी शेवटी काही मागितलं का, असं त्यानं पहिल्यांदाच विचारलं. मी त्याला ती नजर सांगितली. चादर, उशी, चष्मा... सगळं सांगितलं.

"मंग तू तरी सांगत जा ना आई," तो म्हणाला. "मले इथून नाई समजत."

आता हाही असाच विचार करत बसणार, आईला काय हवं होतं म्हणून. नेम पुरा व्हायला अजून थोडे दिवस बाकी होते.

"मले एकटीले जेवण जात नाई रे," मी म्हटलं. "येजो."