कागदात राहून गेलेला म्हातारा

माझ्या हातून भाऊबंदांच्या कामाचा एकच कागद लिहिला गेला, आणि त्यात मी म्हाताऱ्याला विसरलो.

म्हातारा म्हणजे कुणी माणूस नव्हे. काष्टीच्या बाजारापासून कोसावर आमची चार घरांची सामाईक विहीर. तिच्या पोटात एक काळा खडक पुढं आलेला. वरून पाहिलं तर कुणी गुडघे पोटाशी घेऊन बसल्यासारखा. मोट चालू असताना म्हाताऱ्याचे गुडघे उघडे पडले की बैल सोडायचे. मग पाळी कुणाचीही असो, एकच वाफा राहिलेला असो. गुडघ्यांखालचं पाणी हंड्यांचं आणि गुरांचं. हे आम्हांला कुणी शिकवल्याचं आठवत नाही.

पाळ्यांवरून एकदा भांडण जुंपलं, तेव्हा लिहूनच काढायचं ठरलं. सातवी पास मी एकटा. शाईची पुडी भिजवली, टाक घेतला आणि झोकात लिहिलं, 'ज्याची पाळी त्याने सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत पाणी काढावे. त्यास कोणी हरकत करू नये.' वाक्य मला इतकं आवडलं की दोनदा मोठ्यानं वाचलं.

चुलते म्हणाले, "आन् म्हातारा रं?"

"नाना, जेवल्यावर हात धुवावा, हे कुणी कागदावर लिहितं का?"

सगळे हसले. अंगठे उठले.

पुढं मोठं युद्ध संपलं आणि माझ्या थोरल्या चुलतभावानं कोपरगावकडच्या एका ऊसवाल्याचं जुनं तेलाचं इंजिन आणलं. नारळ फुटला, गूळ वाटला. मीही दोनदा हात पुढं केला. पाणी असं धो धो पडायला लागलं की पाट फुटायची पाळी आली. दुपारच्या भाकरीआधीच म्हातारा कमरेपर्यंत उघडा!

मी धावत गेलो. "दादा, बंद करा. गुडघे कधीच दिसले."

"दिस मावळला का?"

"नाही, पण आपली रीत—"

"कुठं लिव्हलीय? कागद तुझाच हाय न्हवं? वाच की."

त्यापुढचं इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं मी घरी सांगितलं. खरं तर आलं होतं. "लई शिकलास बाबा," असं तो म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी नानांची पाळी. रात्रीतून जे थोडं पाझरलं होतं, ते त्यांनी मोटेनं पार तळापर्यंत ओढलं. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "मी ठिवलं तर त्यो वढणार. मग म्याच का येडा व्हऊ?" तिसऱ्या घरानंही तेच केलं, आणि तेच म्हटलं. कुणाला खोटं म्हणायचं?

मग माझी पाळी आली. गहू चिकात आलेला, शेवटच्या पाण्यासाठी थांबलेला. मी मनाशी पक्कं केलं होतं, आपण तरी गुडघ्यांशी थांबायचं. त्या दिवशी रात्रभरच्या पाझरानं पाणी गुडघ्यांच्या जेमतेम वीतभर वर आलं होतं. चार मोटा झाल्या अन् गुडघे दिसले. मी बैल थांबवले. बैलांच्या उतरत्या वाटेवर, धावेवर, उभा राहून पाहिलं, तर जवळजवळ सगळं रान कोरडं, आणि उद्याची पाळी इंजिनाची. थोडा वेळ मी बैलांची पाठ चोळत राहिलो, जणू दमले होते ते. मग आसूड उचलला. आणखी एक मोट, मग आणखी एक. पुढं मोजायचं सोडून दिलं. शेवटी मोटेत गाळ आला आणि गाळात एक बेडूक. त्याला उचलून मी परत विहिरीत सोडलं. त्या दिवसाचं एवढंच पुण्य माझ्या नावावर.

गहू मात्र झाला. शिमगा होईपर्यंत विहिरीत नुसती ओल उरली, आणि चारही घरच्या बायका ओढ्याच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीनं हंडे भरू लागल्या. पहाटे गेलेली माझी बायको उन्हं चढल्यावर अर्धा हंडा घेऊन आली. तिला बरं वाटावं म्हणून मी ओंजळभर गहू तिच्यापुढं धरला.

"बघ, दाणा कसा टपोरा भरलाय! पाडव्याला पोळ्या होतील."

तिनं दुसऱ्या, रिकाम्या हंड्याच्या तोंडाला फडकं बांधलं, वर न बघता पाणी गाळायला घेतलं.

"व्हतील की," ती म्हणाली. "फकस्त सांगा, ह्या पाण्यात कनीक भिजवू का गाईला पाजू?"