टेम्पोत चढलेली गादी

उन्हाळी सुट्टीत हॉस्टेलची खोली पूर्ण रिकामी करायची, हा नियम ज्याने कुणी काढला, त्याला खांद्यावर गादी देऊन कोल्हापूरच्या भर उन्हात फिरवायला हवं. खोलीत कपडे वाळवायची दोरीसुद्धा ठेवायची नाही. आमच्या रेक्टर बाई स्वतः वाकून कॉटखाली बघायच्या.

माझ्या डोक्याला वेगळाच ताप होता. वडलांमागे घरात काकांचाच शब्द चालायचा आणि त्यांनी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली होती. दोन वर्षं शिकली, बास झालं, असं त्यांचं म्हणणं. सगळं सामान घरी शाहूवाडीला गेलं, तर मला परत यायला निमित्तच उरणार नव्हतं. ट्रंक, गादी आणि पुस्तकांची दोन खोकी कोल्हापुरात राहिली, तर जूनमध्ये ‘सामान आणायला जाते’ म्हणून निघायचं आणि तिसऱ्या वर्षाला नाव घालून मोकळं व्हायचं. एवढाच माझा बेत.

खानावळीच्या मावशी आधी म्हणाल्या होत्या, “ठेव की, घर तुजंच हाय.” ऐन दिवशी गादी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले, तर म्हणतात कशा, “पोरीचं लगीन ठरलंय गं. पावणं कुठं झोपवू?” लग्न त्यांच्या पोरीचं आणि पंचाईत माझी! मी गादीसकट पाय आपटत परत आले.

हॉस्टेलच्या फाटकात काका उभे. बाजारात तांदळाची पोती उतरवून थेट इकडेच आले होते. गादी कुठे नेली होती, ते माझ्याकडून काढून घेऊन म्हणाले,

“लोकांच्या दारात कशाला ठेवतीस? टेम्पो रिकामाच चाललाय. टाक की सगळं.”

इतक्या मायेने बोलले की नाही म्हणायला तोंडच उघडेना. मीच ट्रंक ओढत फाटकापर्यंत आणली, याचा मला आजही राग येतो. त्यांनीच बादलीसकट सगळं चढवलं आणि वर ताडपत्री बांधली.

घरी पोचल्यावर सामान उतरवून काका बाहेरच्या सोप्यात चहा पीत बसले. माझ्या शिक्षणाबद्दल आईने कधी चकार शब्द काढला नव्हता. ती काकांच्याच बाजूची, असं मी धरून चालले होते. तिने गादी बघितली, ट्रंक बघितली, खोकी बघितली. मग माझा दंड धरून मला आत ओढलं आणि दबक्या आवाजात म्हणाली,

“सगळंच आणलंस व्हय गं? काय तरी तिथं ठिवून यायचं हुतंस की.”