कांतामावशींनी दाबलेलं बटण

नवा रायपूरच्या एका प्रशिक्षण केंद्रात पायल मेश्राम तीस लिनक्स कॉम्प्युटर सांभाळायची. हिंदी टायपिंगचा एक प्रोग्रॅम हौशी लोकांनी मिळून बनवला होता आणि तेच तो सांभाळत. पण तो प्रत्येक मशीनवर मूळ कोडपासून तयार करून हाताने बसवावा लागे, आणि दर नव्या वर्गाआधी पायलचे दोन दिवस त्यातच जात.

यंदा तिने ॲन्सिबलमध्ये, म्हणजे एकच काम अनेक मशीनवर आपोआप करणाऱ्या साधनात, सगळ्या पायऱ्या एकदाच लिहून काढल्या. सुरुवातीला काम अडलं, कारण सुरक्षेच्या नियमामुळे ॲडमिनच्या खात्यातून तो प्रोग्रॅम तयारच होईना. मग त्यासाठी वेगळं साधं खातं उघडायची ओळ तिने घातली आणि एका मशीनवर तपासून पाहिलं. जमलं! आनंद सांगायला जवळ फक्त हॉल झाडणाऱ्या कांतामावशी होत्या.

"मावशी, बाकीच्या मशीनसाठी हे बटण तुम्हीच दाबा."

"मले काय समजते त्यातलं? बिघडलं तर?"

"नाही बिघडत. दाबा!"

मावशींनी पदराला बोट पुसून एंटर दाबलं. पडद्यावर एकेका मशीनचं काम झाल्याची ओळ उमटू लागली. वीस मिनिटांत सगळी आटोपली.

"काहून हसून राहिली, पोट्टी?"

"दोन दिवसांचं काम केलं तुम्ही!"

मावशी तडक फाटकावरच्या चौकीदाराकडे गेल्या. "भैया, आज सारे कम्प्युटर मैंने चालू किये!" पायलने खिडकीतून ऐकलं आणि चौकीदाराने वर पाहताच मान डोलावून हो म्हटलं.